फ्लेवरवाली चॉकलेटं चाखायची कशी? तिसऱ्या तुकड्यानंतर सगळं सारखंच लागतंय

चिंचगूळ
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा चैनीचा आहे, आधीच सांगते. आमची आठ जणींची भिशी आहे, दर महिन्याला जिच्या घरी भिशी तिने काहीतरी वेगळं करायचं असं ठरलंय. मागच्या वेळी एकीने सात प्रकारच्या चहाचं टेस्टिंग ठेवलं होतं, तेव्हापासून सगळ्यांच्या अंगात आलंय. या वेळी माझा नंबर, आणि मी भर ग्रुपवर जाहीर करून बसलेय की फ्लेवर्ड चॉकलेट बार आणि ट्रफल्सचं (आत मऊ सारण असलेली छोटी गोल चॉकलेटं) टेस्टिंग करायचं आणि प्रत्येकीने रिव्ह्यू लिहायचा.

तर आणलेत नऊ बार: संत्रं, सी सॉल्ट, मिरची-दालचिनी, कॉफी, मिंट, आंबा (पांढऱ्या चॉकलेटमधला), रोस्टेड बदाम, एक रासबेरी आणि एक सेशुआन पेपरवाला. शिवाय बारा ट्रफल्सचा एक बॉक्स. काल रात्री जेवण झाल्यावर नवऱ्याला धरून ट्रायल घेतली आणि अक्षरशः तिसऱ्या तुकड्यानंतर सगळं एकच. वहीत काय लिहिलंय बघा: "छान." "छान, पण गोड." "वेगळं." "मिंट आहे." नवऱ्याच्या कागदावर तर नऊच्या नऊ ओळींत "कॅडबरीच बरी" एवढंच.

आता प्रश्न: १) एकामागोमाग खाताना चवी वेगळ्या कशा कळतात? २) रिव्ह्यूत "यम्मी" सोडून लिहायचं काय? ३) एका छोट्या ब्रँडचं पार्सल (नाव घेत नाही) मेच्या उन्हात कुरिअरवाल्याकडे दोन दिवस पडून होतं, उघडलं तर बारवर पांढरे डाग, फुंकर मारली तरी जात नाहीत. बुरशी आहे का? टाकून देऊ? कस्टमर केअरला फोटो पाठवलाय, उत्तर नाही.

रिकामटेकडा
टाकू नका, पत्ता कळवा. (हलके घ्या)
बाकी तुमच्या यजमानांच्या कॅडबरीशी सहमत. आमच्या लहानपणी चॉकलेट म्हणजे लिमलेटची गोळी आणि चॉकलेटला म्हणायचं कॅडबरी, विषय संपला. मिरची घातलेल्या चॉकलेटला आमच्या आजीने काढा म्हटलं असतं.

निवांत_नाशिक
चिंचगूळ ताई, मी सहा वर्षं घरून चॉकलेटं करते, ऑर्डरी घेते, त्यामुळे या विषयावर मला बोलायला लावलंत तर थांबणार नाही, आधीच माफी.

आधी डागांचं. बुरशी नाहीये ती. त्याला ब्लूम म्हणतात. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ डिग्रीच्या आसपास वितळतं, तुमचं पार्सल उन्हात वितळलं आणि रात्री गार होऊन पुन्हा घट्ट झालं, पण घट्ट होताना त्याचे कण हवे तसे बसले नाहीत आणि चरबी वर येऊन पांढरी दिसायला लागली. बोट दाबून धरा, बोटाच्या उबेने डाग विरघळला तर तो चरबीचा. खरखरीत लागला आणि विरघळला नाही तर साखरेचा, तो ओल लागल्याने येतो. दोन्ही खायला चालतात, पण टेस्टिंगला ठेवू नका, तोंडात भुसभुशीत लागेल आणि उगाच त्या ब्रँडला कमी मार्क जातील. त्याचं दूध-चॉकलेट करून पिऊन टाका.

आता तुमचं काय चुकलं ते. जेवल्यावर खाल्लंत! लसणाची फोडणी, लोणचं, वर बडीशेप, आणि मग चॉकलेट चाखायचं? सकाळी अकराच्या सुमाराला ठेवा, नाश्ता होऊन दोन तास झालेले असले पाहिजेत. आणि घरात अगरबत्ती लावू नका, भिशीला येणाऱ्यांना सांगा की परफ्यूम आणि गजरा त्या दिवशी नको. हसू नका, निम्मी चव नाकात असते. विश्वास बसत नसेल तर नाक चिमटीत धरून संत्र्याचा तुकडा तोंडात टाका, नुसतं गोड आणि कडू कळेल, संत्रं कुठेच नाही. मग नाक सोडा. ते जे एकदम भस्सकन संत्रं येतं ना, तो आहे फ्लेवर. भिशीची सुरुवात याच खेळाने करा, सगळ्या किंचाळतील.

नऊ बार फार झाले. पाच, फार तर सहा. तुकडा नखाएवढा, पाच ग्रॅमच्या वर नको. चावायचा नाही, एकदाच दातांनी मोडायचा आणि जिभेवर ठेवून टाळूला लावून वितळू द्यायचा. वितळायला मिनिटभर लागतं आणि त्या मिनिटभरातच सगळी गोष्ट घडते, तुम्ही चावून गिळलंत की गोष्ट संपली. मधे कोमट पाणी, गार नको, गार पाण्याने जिभेवरची चरबी थिजते. आणि बिनमिठाचं काहीतरी मिळमिळीत. परदेशातल्या स्पर्धांमध्ये परीक्षकांना मक्याची बिनमिठाची पेज देतात, पोलेंटा म्हणतात तिला. मी साध्या पोळीचा तुकडा देते, बिनमिठाच्या.

क्रम महत्त्वाचा. सौम्य आधी, दांडगे शेवटी. पांढरं आंब्याचं, मग बदाम, सी सॉल्ट, संत्रं, मग मिरची. मिंट सगळ्यात शेवटी, त्यानंतर काहीही चाखायचं नाही, मेंथॉल जिभेला गार वाटायला लावतं आणि ते लवकर जात नाही. तुमच्या ट्रायलमध्ये मिंट कितवं होतं?

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी सांगत नाही. प्रत्येक फ्लेवरवाल्या बारसोबत त्याच कंपनीचा साधा बार आणा, बिनफ्लेवरचा. आधी तो चाखा. साधी बासुंदी माहीत असल्याशिवाय सीताफळाच्या बासुंदीत सीताफळाने काय केलं ते कसं कळणार? साध्यात नसलेलं जे फ्लेवरवाल्यात आलं ते लिहायचं, आणि साध्यात होतं ते फ्लेवरने झाकलं का, तेही लिहायचं. झाला रिव्ह्यू.

चिंचगूळ
@निवांत_नाशिक बाप रे, लिहून घेतलं सगळं. मिंट दुसरं होतं 🤦‍♀️

लॅबवाला
वरच्या प्रतिसादाला +१. मी फ्लेवर कंपनीत आहे (बिस्किटं, आइस्क्रीम, थोडं चॉकलेट), म्हणून दोन गोष्टी लेबलच्या बाजूने.

बार उघडायच्या आधी मागची बाजू वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे, म्हणजे पहिलं नाव साखर असेल तर त्यात सगळ्यात जास्त साखर आहे, पुढच्या बाजूला कितीही सोनेरी अक्षरात डार्क लिहिलेलं असो. रासबेरीच्या फोटोखाली रासबेरी शेवटून दुसरी असेल आणि त्याखाली नेचर आयडेंटिकल फ्लेवरिंग सबस्टन्सेस असं असेल, तर तुम्ही रासबेरी खात नाही आहात, आमच्यासारख्या कोणाचं तरी काम खात आहात. ते वाईट असतं असं नाही हं, पोटापाण्याचा प्रश्न आहे माझ्या. पण कळतं. खऱ्या फळाची चव हळू चढते, त्यात आंबट असतं, कधी कधी बी दाताखाली येते. नुसत्या फ्लेवरची चव पहिल्या सेकंदाला दारात उभी असते आणि दहाव्या सेकंदाला गायब, मागे फक्त गोड उरतं. घड्याळ लावून बघा.

इथे एक तांत्रिक अडचण समजून घ्या म्हणजे रिव्ह्यू लिहिताना कंपनीवर अन्याय होणार नाही. चॉकलेटमध्ये पाणी जवळपास नसतंच, एक टक्क्याच्याही खाली. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी पडलं की त्याचा दगडासारखा गोळा होतो, घरी करणाऱ्यांना हा अनुभव असेलच. म्हणून बारमध्ये आंब्याचा रस घालताच येत नाही. एकतर फ्रीझ ड्राय केलेली पावडर, नाहीतर तेलात विरघळणारा फ्लेवर. संत्रं, पुदिना, कॉफी, मिरची हे बारमध्ये का जमतात, तर त्यांचा वास किंवा तिखटपणा तेलात राहतो किंवा ते कोरडे असतात. आंब्याचं तसं नाही, हापूसची जी काय जादू आहे ती रसात आहे, ओलाव्यात आहे. ट्रफलमध्ये मात्र मलई असते म्हणजे पाणी असतंच, तिथे खरा रस जातो. त्यामुळे आंबा बार आणि आंबा ट्रफल यांची तुलना करू नका, तो अन्याय आहे.

टक्क्यांचं पण तेच. ७० टक्के म्हणजे कोकोच्या बियांचा कोरडा भाग आणि कोको बटर दोन्ही मिळून ७०. एकाने बटर जास्त घातलं तर तोच ७० मऊ आणि कमी कडू लागतो, दुसऱ्याचा ७० घसा धरतो. आकड्यावरून कडूपणा ठरवू नका.

निवांत_नाशिक
@लॅबवाला आंब्याबद्दल शंभर टक्के. मी तीन मे महिने आंबा बारच्या नादात घालवले, शेवटी ट्रफलवर आले.

तिरफळ_आणि_बांगडा
सेशुआन पेपर वाचून आलो. ताई, तो पॉल अँड माइकचा आहे का, संत्र्याच्या सालीसोबतचा, ६४ टक्केवाला? कोचीचे आहेत ते. मी वेंगुर्ल्याचा, मित्राने भेट दिला म्हणून खाल्ला नाहीतर आम्ही कुठले असलं घेणार, आणि पहिल्या घासाला मी जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही, कारण ते तिरफळ आहे हो! अगदी तेच झाड नाही पण चुलतभाऊ, एकाच जातकुळीतले. बांगड्याच्या तिखल्यात आई घालते ते. जिभेवर बारीक मुंग्या येतात, ओठ थरथरल्यासारखे होतात, तिखट नाही आणि गार पण नाही, मधलंच काहीतरी. पुण्यातल्या बायकांना हा प्रकार माहीत नसेल तर आधी सांगू नका, गप्प बसून तोंडं बघा.

माझा रिव्ह्यू: सुरुवातीला नुसतं चॉकलेट, मग संत्र्याची साल येते, जरा कडवट, आणि वितळून संपत आलं की मुंग्या. तीन गोष्टी एकामागून एक, गर्दी नाही. मला मासे आठवले हा माझा दोष.

अवांतर: आमच्याकडे नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणून कोकोची झाडं आहेत काहींची. लहानपणी फळ फोडून बियांभोवतीचा पांढरा गर चोखून खायचो, लिचीसारखा आंबटगोड लागतो, आणि बिया फेकून द्यायचो. बियांचंच चॉकलेट होतं हे फार उशिरा कळलं.

सातासमुद्रापार
ब्रसेल्सहून. निवांत ताईंचं बाकी सगळं मान्य, पण "चावायचं नाही" हे ट्रफलला लावू नका, ते फक्त बारसाठी. ट्रफल अख्खं जिभेवर ठेवून वितळायची वाट बघितली तर बाहेरचं कवच आणि आतला गनाश (चॉकलेट आणि मलईचं मऊ मिश्रण) वेगवेगळे वितळतात आणि मजा जाते. आधी सुरीने मधोमध कापा, आतला रंग, कवचाची जाडी बघा, कवच जाड असेल तर कंजूषपणा आहे असं समजा. मग अर्धा तुकडा तोंडात टाकून दोनदा चावा आणि थांबा. कवच मोडल्याचा आवाज, मग आतला मऊपणा, हा फरक हीच ट्रफलची परीक्षा.

आणि एक गल्लत नेहमी होते. इथे कवचात सारण भरलेल्या चॉकलेटला प्रालीन म्हणतात, ते १९१२ साली नॉइहाउस यांनी इथेच काढलं. ट्रफल म्हणजे मूळचा गनाशचा ओबडधोबड गोळा, कोको पावडरमध्ये घोळवलेला. जमिनीखाली उगवणाऱ्या त्या महागड्या अळंबीसारखा दिसतो म्हणून ट्रफल, चवीचा संबंध नाही. आता दुकानात दोन्ही नावं कशालाही लावतात. लिंडोरसारखी जी गोल चकचकीत मिळतात त्यांच्या आतल्या सारणात खोबरेल आणि पाम कर्नलची चरबी असते, मलईचा गनाश नाही, म्हणून तर ती महिनोन्महिने टिकतात आणि तोंडात गारगार वाटून झटकन विरघळतात. मला आवडतात, खोटं कशाला बोलू, पण ताज्या गनाशच्या ट्रफलशेजारी ठेवू नका. ताजा गनाश आठ-पंधरा दिवसांचा पाहुणा. तुमच्या बॉक्सवर तारीख काय आहे ते बघा, सहा महिन्यांची असेल तर समजून जा.

निवांत_नाशिक
@सातासमुद्रापार मान्य, ट्रफलचं मी लिहायला विसरले. फक्त कापायची सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या नाहीतर कवचाचा चुरा.
आणि चिंचगूळ, मे आहे म्हणून फ्रीजमध्ये ठेवलीत का चॉकलेटं? घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि भिशीच्या आधी तासभर डबा बाहेर काढून न उघडता ठेवा. लगेच उघडलात तर हवेतली ओल चॉकलेटवर बसते. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने माझी ट्रफल्स उघड्या ताटलीत फ्रीजमध्ये ठेवली, शेजारी कापलेला फणस. दुसऱ्या दिवशी फोन, "तुम्ही फणसाचा फ्लेवर का घातलात?"

चिंचगूळ
फणस 😂 नाही हो, डब्यात आहेत. पण डब्यावर गेल्या महिन्यातल्या लसूण चटणीचं लेबल आहे, आता वास घेऊन बघते.

---

चिंचगूळ
झाली भिशी! रविवारी सकाळी साडेदहा, आठही जणी जमलो, एक गजरा घालून आली म्हणून तिला आधी बाल्कनीत गजरा काढून ठेवायला लावला, ती अजून रागावलेली आहे. नऊचे सहा बार केले, कॉफी, रासबेरी आणि डागवाला (तोच बदामाचा) बाद. साधे बार पण आणले, खर्च वाढला, पण निवांत ताई, तुम्ही म्हणालात ते अक्षरशः खरं निघालं. संत्र्याच्या बारला ट्रायलमध्ये मी "छान" लिहिलं होतं. या वेळी त्याच कंपनीचा साधा आधी खाल्ला, तो जरा भाजक्या शेंगदाण्यासारखा आणि शेवटी किंचित आंबट. मग संत्र्याचा. तर आधी आलं ते संत्रं नाहीच, संत्र्याची साल, सोलताना डोळ्यात उडते ना ती, आणि तो भाजका वास कुठेच नाही, पार झाकून टाकला होता. मग शेवटी परत तो आंबटपणा आला पण आता तो संत्र्याचा वाटला. मी चक्क सहा ओळी लिहिल्या!

सी सॉल्टवर भांडण झालं. तिघींना मीठ "चुकून पडल्यासारखं" वाटलं, बाकीच्यांना सगळ्यात आवडलं. नंतर कळलं की मिठाचे खडे सगळीकडे सारखे नव्हते, तुकड्याच्या मागच्या बाजूला चिकटवलेले होते आणि ज्यांनी मागची बाजू जिभेवर ठेवली त्यांना खारट लागलं. मग सगळ्यांनी उलटं करून परत खाल्लं. खड्यापाशी कडूपणा कमी होतो आणि चॉकलेट आहे त्याहून गोड लागतं, हे मला आधी कधी कळलंच नव्हतं.

मिरचीचं सांगायचं राहिलं. एक जण पहिल्या पंधरा सेकंदांत "काही नाहीये यात" म्हणाली आणि दुसरा तुकडा उचलला. विसाव्या सेकंदाला तिचा चेहरा बघण्यासारखा होता. पाणी प्यायली, वाढलं, शेवटी दूध दिलं.

सेशुआनवर मी गप्प बसले होते @तिरफळ_आणि_बांगडा. एक वहिनी रत्नागिरीच्या आहेत. डोळे मिटून बसल्या, मग म्हणाल्या, "माझ्या माहेरचं काहीतरी आहे यात." नाव आठवेना त्यांना. पाच मिनिटांनी ओरडल्या, तिरफळ!

आंब्याचा बार सगळ्यांनी नापास केला. मी लॅबवाल्यांचं पाण्याचं प्रवचन देऊन त्याला वाचवायचा प्रयत्न केला, उपयोग झाला नाही. "पिवळं गोड" असा एकीचा रिव्ह्यू.

बॉक्समधली ट्रफल्स कापल्यावर कळलं की सगळ्यांच्या आत रंग एकच, फक्त वरची नक्षी वेगळी. तारीख आठ महिन्यांची होती @सातासमुद्रापार. खाऊन संपली मात्र.

आता शेवटचा प्रश्न. त्या उत्साहात मी काल स्वतः गुलकंदाची ट्रफल्स करायला घेतली. ५५ टक्के डार्क दोनशे ग्रॅम, क्रीम शंभर, गुलकंद तीन चमचे. ढवळता ढवळता तेल सुटलं, वर तुपासारखा थर आणि खाली चिखल. फेकू का?

तिरफळ_आणि_बांगडा
वहिनींना माझा नमस्कार सांगा.

रिकामटेकडा
बाद झालेल्या तीन बारांचं काय झालं हे कोणी विचारत नाहीये.

निवांत_नाशिक
फेकू नका, गनाश फाटलाय फक्त. दोन-तीन चमचे दूध कोमट करा, उकळतं नको, आणि एकेक चमचा घालत मधूनच बारीक गोलात फेटा, पूर्ण भांडं ढवळू नका. मधे चकचकीत ठिपका दिसायला लागेल, तो हळूहळू मोठा करत बाहेर आणा. पुढच्या वेळी क्रीम ओतल्यावर मिनिटभर हात लावायचा नाही, मग ढवळायचं. गुलकंद आधी चाळणीवर ठेवून त्याचा पाक निथळून घ्या, तीन चमच्यांत दोन चमचे पाकच असतो, गोड तोच करतो. आणि गुलाबाचा वास कमी वाटला तर एसेन्स घालायचा मोह आवरा, सुकलेल्या देशी गुलाबाच्या पाकळ्या गरम क्रीममध्ये झाकून पंधरा मिनिटं ठेवा आणि गाळा. गाळल्यावर क्रीम परत मोजा, पाकळ्या दहा-पंधरा ग्रॅम तरी पिऊन टाकतात.

चिंचगूळ
दूध घालून फेटलं. चकचकीत झालाय!! चाळणी मात्र चहाची वापरली, गुलकंदाला किंचित आल्याचा वास येतोय.

निवांत_नाशिक
राहू दे तसाच. लिहून ठेवा किती आलं ते.